साडूविरुद्ध पेटंट

माझा साडू रडताना कसा दिसेल, हे मी जवळजवळ दोन वर्षं रोज नव्यानं ठरवत होतो. सकाळी दाढी करायला बसलो की तो आरशात यायचा. टोपी काखेत, हात जोडलेले, आणि मागं त्याचं यंत्र जप्त करून हातगाडीवर घालून चाललेलं. मी त्याला म्हणायचो, "साडूभाऊ, मला लई वाईट वाटतंय हो." एवढं म्हणेपर्यंत गाल कापलेला असायचा. त्या दोन वर्षांत माझ्या गालावर जेवढ्या जखमा झाल्या, त्यांतली एकही साडूनं केली नाही. सगळ्या माझ्याच हातच्या. पुढची हकिकतही साधारण त्याच जातीची आहे.

सत्तरनंतरची चारपाच वर्षं गेली होती. मोठा दुष्काळ सरला होता आणि बाजारात शेंगांची पोती पुन्हा दिसायला लागली होती. सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या एका गल्लीत माझं वर्कशॉप होतं. वर्कशॉप म्हणजे एक लेथ, एक ड्रिल मशीन, वर पत्रा आणि खाली मी. यंत्रमागांचे मोडके भाग घडवून द्यायचे, हा धंदा. मागवाले घाईत यायचे, घाईत शिव्या द्यायचे आणि काम झालं की घाईत जायचे. त्या आवाजातून सुटायला मी दुपारी जेवायला घरी जायचो.

बायको अक्कलकोटकडची. घरात ती माझ्याशी मराठीत बोलायची आणि माझ्याबद्दल कानडीत. दुपारी ती बऱ्याचदा शेंगाची चटणी कुटत असायची. ही चटणी दळून चालत नाही. दळली की पीठ होतं. कुटली की दाण्याचं तेल सुटतं, तिखट आणि लसूण त्या तेलात मुरतात, आणि मुठीत धरली तर चटणीचा गोळा होतो. तिच्या कुटण्याला एक ठेका होता. एक ठोका जोरात, एक हलका. जोरातल्या ठोक्यानं दाणा फुटायचा, हलक्यानं तेल बाहेर यायचं. लग्नाला दहा वर्षं झाली तरी तो ठेका मी ऐकला नव्हता. एका दुपारी भाकरी मोडता मोडता ऐकला, आणि डोक्यात एक चकती फिरायला लागली.

लोखंडाची चकती, पण गोल नाही. कडेला दोन उंचवटे, एक मोठा, एक लहान. मोटरीवर चकती फिरली की उंचवटा मुसळाला वर उचलणार आणि एकदम सोडून देणार. मोठ्या उंचवट्याचा मोठा ठोका, लहानाचा लहान. सगळं यंत्र त्या एका चकतीत होतं, बाकी नुसता सांगाडा.

सांगायला दोन ओळी लागल्या, करायला आठ महिने गेले. पहिलं मुसळ पत्रा फोडून वर गेलं. दुसऱ्या खेपेला उखळ फुटलं. तिसऱ्या खेपेची चटणी झकास झाली, फक्त तिला ग्रीसचा वास होता. बायकोनं एक घास तोंडात घातला आणि म्हणाली, "बेअरिंगला लावा, चांगली बसंल." शेवटी दसऱ्याच्या आधी यंत्र मनासारखं चाललं. आम्ही त्याला कुट्या म्हणायला लागलो.

आमच्याकडं खंडेनवमीला लेथलासुद्धा हळदकुंकू लागतं. नवं यंत्र असेल तर त्याला हार घालून, नारळ फोडून, चार माणसं बोलावून चालू करायचं. त्याशिवाय ते चालतं यावर कुणाचा विश्वास बसत नाही. मी चारऐवजी चाळीस माणसं बोलावली आणि गावातल्या पेपरचा बातमीदारही बोलावला. त्यानं एक प्रश्न विचारला, मी अकरा उत्तरं दिली. उंचवटा किती, मधला खड्डा किती, मिनिटाला फेरे किती, सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेपरात अर्धा रकाना बातमी आली, वर फोटो. फोटोत हार माझ्या गळ्यात होता. तो यंत्रासाठी आणलेला होता, पण फोटोच्या वेळी कुणीतरी गडबड केली. ते कुणीतरी म्हणजे मीच. ते कात्रण मी रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलं. घराला आग लागली असती तर मी आधी ती पिशवी काढली असती.

आता साडू.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पंढरपूरकडं करकंबला त्याचं दुकान होतं, उसाचे चरक दुरुस्त करायचं. माणूस गोड. इतका गोड की मुंग्या लागल्या नाहीत याचंच नवल. दिवाळीला तो मेहुणीला घेऊन आमच्याकडं आला आणि दोन दिवस माझ्या वर्कशॉपमध्ये उकिडवा बसून राहिला.

"साडूभाऊ, आन् हे उचलतंय कसं म्हनायचं?"

मी सांगितलं.

"लई डोकं हाय बगा तुमाला. आमी आपलं चरकात हात घालून बसलोय. मग ही चकती एकाच मापाची लागती का कसं?"

मी चकती खोलून त्याच्या हातात दिली. मला कुणी 'लई डोकं हाय' म्हटलं की मी माझं डोकंसुद्धा खोलून हातात देतो.

जाताना बायकोनं वाटेसाठी कडक भाकऱ्या बांधल्या. ज्वारीची पातळ भाकरी शेकून शेकून पुठ्ठ्यासारखी करतात, महिना महिना टिकते. साडू म्हणाला, "वहिनी, त्यातली एक मोठी मला सुटीच द्या, वर्कशॉपमदी बसून खातो." बायकोनं परातीएवढी दिली. तो घेऊन वर्कशॉपमध्ये गेला. मी बाहेर रिक्षा बघत होतो. तो परत आला तेव्हा भाकरी खाल्लेली नव्हती. वर्तमानपत्रात गुंडाळून छातीशी धरलेली होती. मला वाटलं, काय हे प्रेम आमच्या घरच्या अन्नावर!

जानेवारीत, संक्रांतीला, सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरली. बायकोला घेऊन मी पाळणे बघत चाललो होतो, आणि गर्दीतून आवाज आला. एक जोरात, एक हलका. एक जोरात, एक हलका. बायको थांबली. "माजा ठोका," ती म्हणाली.

पुढं गेलो तर दुकान. लाल रंग दिलेलं यंत्र, वर झेंडूच्या माळा, भोवती माणसांची ही गर्दी, आणि मधे साडू.

"या की साडूभाऊ!" त्यानं दोन्ही हात पसरले. "मी म्हनलंच, वास आला की येनार. घ्या, चटणी घ्या. घरचीच हाय."

त्यानं माझ्या तळहातावर चटणीचा गोळा ठेवला. चारचौघांत काय करायचं म्हणून मी तो तोंडात घातला. चटणी चांगली होती. आजवर मला त्या माणसाचं जे जे सहन झालं नाही, त्यात ही चटणी पहिली.

मेहुणी भोळी. ती बायकोच्या कानाशी लागून हसत होती. "अगं अक्का, तुझ्या त्या भाकरीचं काय याड लागलंय ह्यांना! दिवाळीपासनं भिंतीला टांगून ठिवलीया. वर कोळशानं काय काय रेघा वडल्यात. मी खायला घेतली तर वरडले की माझ्यावर!"

मला सगळं कळलं. त्या माणसानं माझी चकती माझ्याच घरच्या भाकरीवर ठेवून कोळशानं आखून नेली होती. आणि ती भाकरी बांधून द्यायला मी रिक्षा थांबवून धरली होती.

तिथंच मी ठरवलं, याला सोडायचा नाही.

माझ्या ओळखीत एकच माणूस होता, ज्याला इंग्रजी आणि यंत्र दोन्ही कळायचं: तंत्रशाळेतले ड्रॉइंगचे मास्तर. ते म्हणाले, नवा पेटंटचा कायदा आलाय, अर्ज करू. त्यांनी चकतीचा नकाशा असा काढला की मला माझ्याच चकतीचा आदर वाटायला लागला. इंग्रजीत कुट्याला त्यांनी दिलेलं नाव अडीच ओळींचं होतं. लिहिताना त्यांनी मान वर करून विचारलं, "हे आधी कुठं छापून आलंय का?"

"नाही," मी म्हणालो.

मी खोटं बोललो नाही. मला वाटलं, मास्तर पुस्तकाबद्दल विचारताहेत, इंग्रजी, जाड पुठ्ठ्याच्या. आमच्या गावचा पेपर म्हणजे ज्यात दुसऱ्या दिवशी चटणी बांधतात, तो काय छापलेला धरायचा?

अर्ज मुंबईला गेला. पोच आली, नंबर आला. मी पोच घेऊन मास्तरांकडं पळत गेलो. "आता पोलीस कधी पाठवायचे?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "अहो कारखानदार, हा नुसता अर्ज आहे. तिथं तो तपासतील. त्यांच्या क्रमानं. मग हरकती काढतील, आपण उत्तर द्यायचं, मग मंजूर. मग तुमची लढाई."

"क्रमानं म्हणजे किती दिवस?"

"दिवस नाही हो. वर्षं धरा."

"आणि तोवर तो कुटतच राहणार?"

"तुमच्या अर्जाची तारीख लागली आहे. ती कुणी पळवत नाही. गप्प बसा. गप्प बसणं हाच यातला सगळ्यात जलद मार्ग आहे."

ते खरं होतं. पण साडूच्या यंत्राला नातेपुत्याहून मागणी आलीय असं त्याच आठवड्यात कानावर आलं, आणि माझं गप्प बसणं संपलं. मी वर्कशॉपच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं: 'तपासणी लवकर कशी होईल?' खाली येईल जाईल त्याचं मत मागायला लागलो. तुटका भाग घेऊन आलेला मागवालासुद्धा मत देऊन मगच भाग घ्यायचा.

कुणी म्हणालं, पत्रं पाठवत राहा, साहेब कंटाळून तपासेल. म्हणून मी दर सोमवारी एक पोस्टकार्ड टाकायला लागलो. पहिलं विनंतीचं होतं, पाचवं करुण होतं, नवव्यात मी मरणपंथाला लागलो होतो. दहाव्यानंतर उत्तर आलं. आपली दहा पत्रं पोचली, अर्ज क्रमानं घेतला जाईल. मी दहा मरणं मेलो होतो, त्यांनी दहा मोजली होती.

दुसरं कुणी म्हणालं, पुढाऱ्याचं पत्र लावा. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यानं माझं तासभर ऐकलं, मधे दोनदा डोळे पुसले, आणि शिफारसपत्र दिलं. बाहेर येऊन वाचलं तर त्यात माझ्या विहिरीवर मोटर बसवायला वीज द्यावी असं होतं. मला विहीर नव्हती.

मास्तर म्हणाले, घाईच असेल तर मुंबईचा पेटंट एजंट गाठा, तो नियमानं काय करता येईल ते सांगेल. मी एका एजंटाला लिहिलं. त्यानं उलट टपाली एक छापील यादी पाठवली. अर्जाच्या तारखेपूर्वी यंत्र कुठं प्रसिद्ध झालं होतं का? कुठं विकलं होतं का? कुठं मांडलं होतं का? असले खोचक प्रश्न विचारणारा माणूस आपल्या बाजूचा असणं शक्य नाही, असं म्हणून मी ती यादी कुट्याच्या पायाखाली ठेवली. एक पाय जरा डुगडुगत होता. तो मात्र बसला.

उरला एकच मार्ग, स्वतः जायचं. पण रिकाम्या हातानं गेलो तर साहेब लवकर का करील? मी विचार केला, आणि विचार करताना मी कधीच कमी पडत नाही, फक्त चुकतो. आमच्याकडं बांधाचं भांडण असो, बोळाचं असो, देवळाच्या मानाचं असो, निकाल एकाच गोष्टीवर लागतो. ज्याचा कागद जुना, तो जिंकला. समोरच्यानं पन्नास वर्षांपूर्वीचा कागद काढला तर आपण साठ वर्षांपूर्वीचा काढायचा. म्हणजे साहेबापुढं माझा सगळ्यात जुना कागद ठेवला की संपलंच. मग तपासायला राहतंय काय? आणि माझ्याकडं कागद होता! अर्जाहूनही जुना.

मी रेशनकार्डाची पिशवी काढली.

बायको बघत होती. "मास्तरांना दाखवलं का हे?"

"मास्तरांना भांडण काय कळतंय? ते रेघा ओढतात."

"दाखवा म्हनते मी."

"अगं, हा हुकमाचा एक्का आहे. एक्का आधी दाखवत नाहीत."

ती तिकडं वळून उखळाला कानडीत काहीतरी म्हणाली. त्यातला 'हुच्च' एवढाच शब्द मला कळला. हुच्च म्हणजे वेडा.

मुंबईच्या पेटंट कचेरीत मला एका टेबलापाशी बसवलं. साहेब मराठीच निघाले. सडपातळ, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलणं हळू. मी चटणीचा डबा पुढं केला, त्यांनी तो दोन बोटांनी माझ्याकडं परत सरकवला. मी म्हटलं, बरोबर आहे, माणूस न्यायाचा आहे. मग मी कात्रण काढलं आणि त्यांच्यापुढं दोन्ही हातांनी ठेवलं, प्रसाद ठेवावा तसं.

त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा डोळ्यांवर आणून तिसऱ्यांदा वाचलं.

"हे तुम्ही आपणहून देताय?"

"होय साहेब."

"कुणी मागितलेलं नाही."

"मागायची वाट कशाला बघायची? मला काही लपवायचं नाही."

"यात चकतीची मापं आहेत."

"सगळी आहेत साहेब! फेरेसुद्धा आहेत. खाली बघा, शेवटच्या ओळीत."

"ही तारीख बरोबर आहे?"

"खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवसाची. गाव साक्षीला आहे. चाळीस माणसं होती."

"आणि अर्ज तुमचा..."

"संक्रांत झाल्यावरचा. आता तुम्हीच बघा साहेब, मी किती आधीचा!"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. आमच्या गल्लीत एक म्हातारे डॉक्टर होते. औषध घेऊन वर पुन्हा मना केलेलंच खाऊन आलेल्या रोग्याकडं ते असं बघायचे.

"अर्जाची तपासणी क्रमानंच होईल," ते म्हणाले. "त्यात पुढं-मागं काही करता येत नाही. पण हा कागद तुम्ही दिलात तर तो फाइलला लागेल. एकदा लागला की निघत नाही. विचार करा."

"निघूच नये साहेब! शिवून टाका!"

त्यांनी सुस्कारा सोडला, आणि मला चहा पाजला. सरकारी कचेरीत साहेब आपल्या खिशातून चहा पाजतो म्हणजे काम झालं, असं मी समजलो. तो चहा सांत्वनाचा होता हे कळायला मला पुढं बराच काळ लागला.

सोलापूरला उतरल्या उतरल्या मी साडूला पत्र लिहिलं. मुद्दाम पोस्टकार्डावर, म्हणजे पोस्टमनपासून सगळ्या करकंबला वाचता यावं. 'साडूभाऊ, साष्टांग नमस्कार. मुंबईचं काम फत्ते. साहेबांनी चहा दिला. यंत्र पुसून ठेवणे, जप्तीच्या वेळी बरं दिसेल. चि. मुलांस आशीर्वाद.' हे कार्ड टाकल्यावर मला जी झोप लागली तशी झोप मला त्याआधी किंवा नंतर लागलेली नाही.

साडूचं उत्तर आलं. 'तुमची तब्येत कशी हाय? चहा जास्त घेऊ नये. पित्त होतं.'

त्यानंतर एक उन्हाळा गेला, एक पावसाळा गेला. मी दाढी करत राहिलो आणि कापत राहिलो. आणि मग एक दिवस मुंबईचा जाड लिफाफा आला. मी तो न फोडता मास्तरांकडं नेला. सोबत पेढे नेले.

मास्तर वाचायला लागले. पहिल्या पानावर त्यांच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्या पानावर त्यांनी पत्र खाली ठेवलं, पेढ्याचा पुडा बंद केला आणि त्याला दोरा गुंडाळला.

"पेपरात बातमी आली होती?"

"आली होती की."

"अर्जाच्या आधी?"

"तीन महिने आधी."

"आणि ती साहेबांना नेऊन कुणी दिली?"

मी छातीवर हात ठेवला.

"अहो," मास्तर हळू आवाजात म्हणाले, "पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. अर्जाच्या आधी ती जगाला सांगितली की ती नवी राहत नाही. मग ती कुणीही करावी. सांगणारे तुम्ही स्वतः असलात तरी तेच. इथं लिहिलंय, ही चकती सोलापूरच्या वर्तमानपत्रात मापांसकट आधीच प्रसिद्ध झालेली आहे. आणि पुढं लिहिलंय, प्रत अर्जदारानंच सादर केली."

"पण मास्तर, मी तर सगळ्यांच्या आधीचा!"

"आधीचे आहात, म्हणूनच."

माझ्यातला जो भाग हरल्यावरही भांडतो तो म्हणाला, "मी दिलं नसतं तर?"

"तर पुढं कधीतरी तुमच्या साडूनं ते कात्रण शोधून काढलं असतं आणि दावा पडला असता. न सांगून ते खरं व्हायचं थांबलं नसतं." मास्तरांनी दोरा सोडला आणि एक पेढा माझ्या हातावर ठेवला. "पण निदान त्याला शोधायला तरी लागलं असतं. तुम्ही स्वतःच्या हातानं नेऊन दिलंत."

एखाद्या शहाण्या माणसानं इथं साडूला माफ केलं असतं. मी घरी येऊन पत्र्याचा तक्ता काढला.

पेटंट मला नाही ना? मग साडूलाही धंदा नाही. मी पत्र्यातून चकतीचे हुबेहूब नमुने कापायला बसलो. सात रस्त्यापासून सुरुवात केली. लेथ दिसला की आत शिरायचो, नमुना टेबलावर ठेवायचो. "घ्या. कुट्याची चकती. करा, विका, कुणाची भीती नाही. सरकारनं लिहून दिलंय." लोकांना आधी वाटलं, यात काहीतरी फसवणूक आहे. मी त्यांना मुंबईचं पत्र दाखवायचो. ज्या पत्रानं माझं नाक कापलं ते मी दुकानोदुकानी वाचून दाखवत हिंडलो. एस.टी.नं नातेपुत्याला जाऊन आलो. पंढरपूर, बार्शी, मोहोळ. साडूच्या गिऱ्हाइकांच्या गावांची यादीच केली होती. वर्षभरात जिकडं तिकडं एक जोरात, एक हलका सुरू झालं. कुणी मुसळ लांब केलं, कुणी उखळ दगडाचं केलं, एकानं तर वर घंटी बसवली. सगळ्यांचं यंत्र खपत होतं. एक साडूचं खपेना, आणि एक माझं. दुसऱ्या गोष्टीचा मी हिशेब धरला नव्हता.

शेवटी तो दिवस आला. साडूचं यंत्राचं काम बंद पडलं असं मेहुणीच्या पत्रात आलं. मी बायकोला म्हणालो, "चल, करकंबला जाऊ. त्यांचं दुःख वाटून घेऊ." घरी दाढी नीट केली. त्या दिवशी कापलं नाही.

साडू चरकाच्या दुकानात होता, कोपरापर्यंत तेलात. मला बघून उठला आणि दोन्ही हात पसरले, तसेच, गड्ड्यातल्यासारखे.

"या की साडूभाऊ! वहिनी, या. लई दिसानं."

"ऐकलं ते खरं का?" मी आवाजात जेवढी कणव घालता येईल तेवढी घातली. "कुट्या बंद केलात?"

"व्हय की. बरं झालं बगा. लई कटकट हुती. हितनं तितनं माणसं यायची, आज मुसळ वाकलं, उद्या पट्टा तुटला. आपला चरक बरा. ऊस काय, पिळला की गप."

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. कोरडे ठणठणीत. दोन वर्षं मी ज्या अश्रूंसाठी झिजलो, त्यांचा एक थेंब त्या माणसाकडं शिल्लक नव्हता. मुळात कधी नव्हताच.

आणि मग भिंतीवर ती दिसली. खिळ्याला टांगलेली, काळसर, चकचकीत. माझी चकती कोळशानं काढलेली आमची भाकरी.

"ती अजून ठेवलीय?"

"मग! ती आमची लक्ष्मी." त्यानं ती खिळ्यावरनं काढली, सदऱ्यानं पुसली आणि माझ्या हातात दिली. "किडा लागू नये म्हनून पालिश मारलंय. चार हात. खुर्च्यांना मारतात ते."

माझ्या हातात माझ्या घरची भाकरी होती, माझी चकती होती, आणि समोर तो गोड हसणारा माणूस. दुसरा कुठला सूड शिल्लक नव्हता. मी ती भाकरी त्याच्यासमोर कडाकडा मोडली आणि मोठा तुकडा तोंडात घातला.

"अवं, अवं! साडूभाऊ!"

मी तो चावला. दात भाकरीत शिरेनात. मी आणखी जोर लावला. कडक भाकरी एवढा आवाज करत नाही. तो आवाज माझ्या उजव्या दाढेचा होता.

साडू धावत पाणी घेऊन आला. मेहुणी पदरानं तोंड झाकून हसत होती. साडूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. अखेर तो रडत होता, हसून हसून.

परतीच्या एस.टी.त मी गालावर रुमाल धरून बसलो होतो. तोंडात पॉलिशची चव होती. बायको खिडकीबाहेर बघत होती.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "भावजींनी तुमची चकती चोरली, म्हनून तुमी दोन वर्सं पेटला. बरूबर?"

मी मान हलवली. बोलता येत नव्हतं.

"आन् ठोका माजा हुता. तो तुमी कुनाला इचारून घेतला? तुमच्या त्या अर्जात माजं नाव हुतं का कुटं?"

नव्हतं. अडीच ओळींच्या नावातही नव्हतं, पेपरच्या अर्ध्या रकान्यातही नव्हतं. अकरा उत्तरांपैकी एकाही उत्तरात ती नव्हती.

"मी कुनावर पेटायचं, सांगा की."

रस्ता खराब होता. गाडी खड्ड्यातून गेली की दाढ ठणकायची. साडूला मी आजही माफ केलेलं नाही, पण त्या दिवशी सोलापूर येईपर्यंत मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही. मी ठणक्याकडं लक्ष देऊन बसलो होतो. एक जोरात, एक हलका. एक जोरात, एक हलका.